सिंगल माल्ट : तीनच बाटल्या घ्यायच्या तर कोणत्या?

तळ्यात मळ्यात

मंडळी, ब्लेंडेड स्कॉच, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कींचं मिश्रण, बरीच वर्षं पितोय. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली नुसत्या बार्लीची व्हिस्की, मात्र दुसऱ्यांनी ओतून दिली तेवढीच. आता स्वतःच्या तीन बाटल्या घ्यायचं ठरवलंय. एक संपली की दुसरी, असं नाही. तिन्ही एकदम उघडायच्या आणि आलटून पालटून प्यायच्या.

सध्याची यादी : ग्लेनफिडिक १२, ग्लेनलिव्हेट १२, मॅकॅलन १२.

शंका बऱ्याच आहेत. तिन्ही १२ वर्षांच्या घेण्याऐवजी पैसे साठवून एखादी १८ घ्यावी का? धुरकट चवीच्या वाटेला पहिल्याच खेपेला जावं का? आणि लेबलवर एवढं पुराण लिहिलेलं असतं, त्यातलं कामाचं काय? 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार. गूगल करून डोकं फिरलं म्हणूनच इथे आलोय.

खडूस आजोबा
*यादी आधी मोडा*

तिन्ही माल्ट चांगल्या, पण तिन्ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या आणि तिन्हींत धुराचा मागमूस नाही. ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिव्हेट शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन्हीकडे हिरवं सफरचंद, नाशपाती, थोडा मध. फरक आहे, पण तो कळायला जीभ आधी तयार असावी लागते. नवख्याला वाटणार, एकच बाटली दोनदा घेतली.

मॅकॅलन शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपात मुरलेली, म्हणून ती वेगळी लागेल. पण तिथे नावाचेही पैसे मोजायचे असतात. २०२३ च्या नोव्हेंबरात लंडनला सदबीजच्या लिलावात १९२६ सालच्या मॅकॅलनची एक बाटली २१ लाख पाउंडांच्या वर गेली. तिचा आणि तुमच्या १२ वर्षांच्या बाटलीचा संबंध आडनावापुरता, पण आडनावाचं वजन किंमतीत पडतंच.

ग्लेनफिडिकला हसू नका मात्र. १९६३ साली त्यांनी सिंगल माल्ट परदेशात विकायला काढली तेव्हा बहुतेक डिस्टिलऱ्यांचा माल ब्लेंडवाल्यांकडे जात होता. त्यांनी ती हिंमत केली नसती तर आज निवडायला इतकं काही समोर नसतं.

धूरकट
*आयलाशिवाय यादी?*

धुरकट व्हिस्कीच्या आयला बेटाचं नाव नाही म्हणजे काय! (स्पेलिंगमधला एस मुका आहे, हे नवीन लोकांसाठी.) लाफ्रॉइग १० घ्या आणि विषय संपवा. आयोडीन, दवाखान्याचा बोळ, समुद्री शेवाळ, विझत आलेली शेकोटी. एक तर दुसऱ्या दिवशी बाटली कुणाला तरी देऊन टाकाल, नाहीतर जन्मभर तीच प्याल. अधलंमधलं काही नाही.

मिताली
*उलट सांगते*

धूरकटभाऊ, तुमचं प्रेम कळतं, पण 'एक तर आवडेल नाहीतर देऊन टाकाल' हा खरेदीचा सल्ला झाला की जुगाराचा?

तळ्यात मळ्यात, तुम्ही तिन्ही एकदम उघडणार म्हणालात, ही या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. त्यावरच यादी बांधा. वेगवेगळी प्रसिद्ध नावं गोळा करण्यापेक्षा अशा तीन घ्या की पहिलीकडून दुसरीकडे जाताना एकच मोठी गोष्ट बदलेल. चव ठरवणाऱ्या मोठ्या गोष्टी मुळात तीनच : पीप आधी कशाचं होतं, बार्ली पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीसारख्या जळणाच्या) धुरावर वाळवली की नाही, आणि बाटलीत अल्कोहोल किती टक्के ठेवलं.

माझी यादी :
बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातली, बिनधुराची : डीनस्टन १२ (४६.३ टक्के)
शेरीच्या पिंपातली, बिनधुराची : ग्लेनफार्क्लस १५ (४६ टक्के)
प्रामुख्याने बर्बन पीप, पण धुराची : आर्डबेग १० (४६ टक्के)

तिन्हींची ताकद जवळपास सारखी, म्हणजे एक जास्त जळजळते आणि दुसरी पाणचट लागते म्हणून गोंधळ होणार नाही. पहिलीत व्हॅनिला, मध, धान्य. दुसरीत मनुका, अक्रोड, संत्र्याची साल. तिसरीत लिंबू आणि काजळी. आठवडाभरात तुम्हाला कळेल की आपल्याला पीप भावतं की धूर. पुढची खरेदी मग कुणाला विचारायला नको.

हिशेबनीस
*+१*

मितालीताईंशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). डीनस्टनला कुणी विचारत नाही म्हणून ती अजून वाजवी भावात मिळते. जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत चालते ती डिस्टिलरी. टॉवर नाहीत, किल्ला नाही, लेबलवर हरीण नाही, मग कोण विचारणार.

तळ्यात मळ्यात

मितालीताई, हे पटलं. पण ग्लेनफार्क्लसच्या लेबलवर 'हायलँड' लिहिलेलं दिसतंय आणि नकाशात ती स्पेसाइडमध्ये आहे. मी बघतोय ती दुसरीच कुठली का? प्रांत बघून घ्यावं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं.

रसायनी
*प्रांत आणि लेबल*

तीच आहे. स्पेसाइड हा भौगोलिकदृष्ट्या हायलँडच्या पोटातलाच भाग, त्यामुळे तिथल्या डिस्टिलरीला 'हायलँड' लिहिता येतं. मॅकॅलनही तेच लिहिते. कायद्यात नावं पाच : हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला, कॅम्पबेलटाउन. दुकानाच्या फळीवर 'आयलंड्स' अशी जी सहावी पाटी दिसते ती सोयीसाठी, कायद्यात ती नाही.

प्रांतावरून चव सांगणं एके काळी थोडंफार जमायचं. आता ते फसतं. बुनाहावन १२ आणि ब्रुइक्लॅडीची क्लासिक लॅडी या दोन्ही आयलाच्या, आणि दोन्ही बिनधुराच्या. उलट आर्डमोर मुख्य भूमीवरची, हायलँडमधली, तरी धुरकट. कॅम्पबेलटाउनमध्ये तर चालू डिस्टिलऱ्या तीनच. त्यातली एकटी स्प्रिंगबँक तीन तऱ्हेची व्हिस्की काढते. स्प्रिंगबँक मध्यम धुराची आणि अडीच वेळा ऊर्ध्वपातित, लाँगरो जास्त धुराची, हेझलबर्न बिनधुराची आणि तीनदा ऊर्ध्वपातित. मग 'कॅम्पबेलटाउनची चव' कुठली धरायची?

आता लेबल. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांप्रमाणे 'सिंगल माल्ट' लिहायचं तर : फक्त माल्ट केलेली (मोड आणून वाळवलेली) बार्ली, पाणी आणि यीस्ट, एकाच डिस्टिलरीत, भांड्यांत (पॉट स्टिल), घाण्याघाण्याने ऊर्ध्वपातन, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं, बाटलीत किमान ४० टक्के. बाहेरून घालायची मुभा फक्त पाण्याला आणि रंगासाठी साध्या कॅरॅमलला. नोव्हेंबर २०१२ पासून बाटलीही स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. म्हणजे 'सिंगल माल्ट स्कॉच' एवढे शब्द असतील तर हे सगळं गृहीत धरा. ते पुन्हा 'पारंपरिक', 'शुद्ध झऱ्याचं पाणी' वगैरे भाषेत सांगितलेलं असतं, ते सोडून द्या.

वाचायचं ते असं. टक्केवारी. वय, असल्यास. पिंपाची माहिती. 'नॉन चिल फिल्टर्ड' आणि 'नॅचरल कलर' हे शब्द. वय म्हणजे आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय. १२ लिहिलेल्या बाटलीत १६ वर्षांचा मालही असू शकतो, ११ वर्षांचा एक थेंबही नाही.

नुसताच वाचक
*चिल फिल्टर*

ते चिल फिल्टर म्हणजे नेमकं काय? सगळे जाणकार तो शब्द आला की नाक मुरडतात, म्हणून विचारतोय.

रसायनी

व्हिस्कीत मोठ्या साखळीची काही फॅटी आम्लं आणि त्यांची एस्टर्स असतात. अल्कोहोल ४६ टक्क्यांच्या खाली गेलं आणि थंडी पडली किंवा बर्फ टाकला की ती गढूळपणा आणतात. गढूळ बाटली गिऱ्हाईक परत करतं. म्हणून भरण्याआधी व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास थंड करून गाळतात. ४६ आणि त्याच्या वर हा प्रश्न फारसा येत नाही, म्हणून न गाळणारे बहुधा ४६ वर भरतात. तुम्हाला हा आकडा सारखा दिसतो त्याचं कारण हेच.

गाळल्याने चव जाते का, यावर हाणामाऱ्या होतात. माझ्या मते वास फारसा जात नाही, पण जिभेवरचा तेलकट भरीवपणा कमी होतो. खरा तोटा अनेकदा गाळण्याचा नसतोच. ४० टक्क्यांपर्यंत ओतलेल्या पाण्याचा असतो.

हिशेबनीस
*४० टक्क्यांचं अर्थकारण*

त्यातच भर. ब्रिटनमध्ये दारूवरचा कर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरवर लागतो. म्हणजे ४६ टक्क्यांच्या बाटलीवर ४० टक्क्यांच्या बाटलीपेक्षा कर जास्त, शिवाय तेवढ्याच पिंपातून बाटल्या कमी निघतात. ४० वर भरणं कंपनीला दोन्हीकडून परवडतं. त्यामुळे ४६ ची बाटली थोडी महाग दिसली तर लगेच बिचकू नका. तुम्ही व्हिस्की जास्त आणि पाणी कमी विकत घेताय.

तोच हिशेब कास्क स्ट्रेंथला, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच ताकदीने भरलेल्या व्हिस्कीला. ग्लेनफार्क्लस १०५ ही ६० टक्क्यांची. तीन भाग तिच्यात एक भाग पाणी घातलं की ४५ टक्क्यांची व्हिस्की होते. ७०० मिलीची बाटली अशी ९३३ मिलीच्या आसपास पडते. अबरलूरची अबुनाही याच जातीची, पूर्ण ओलोरोसो शेरीच्या पिंपातली, वय न लिहिलेली. तिची टक्केवारी घाण्यागणिक थोडी बदलते, तेवढी बघून घ्या.

विमानतळावरचा सापळा तेवढा ओळखा. लिटरची बाटली, चकचकीत डबा, गेलिक भाषेतलं गूढ नाव, वय नाही, ४० टक्के. डब्याकडे न बघता मिलीलिटरचा भाव काढा आणि नेहमीच्या १२ वर्षांच्या बाटलीशी ताडून पाहा.

खडूस आजोबा
*वय न लिहिणाऱ्यांबद्दल*

आता बोलतोच. वय लिहायला लाज का वाटते? मागणी वाढली, जुना साठा संपला, म्हणून आकडा काढून टाकला आणि त्या जागी एखाद्या खाडीचं नाव चिकटवलं. वर किंमत वाढवली. याला मी तरी फसवणूकच म्हणतो.

तळ्यात मळ्यात, १८ चं विचारलंत ना? सवड असेल तर घ्याच एखादी. वयाने येणारा संथपणा दुसऱ्या कशाने येत नाही. तरुण व्हिस्कीत कच्च्या स्पिरिटचं टोक राहतं, ते वर्षांनीच बोथट होतं.

धूरकट
*आजोबा, असहमत*

आर्डबेग उगाडेल आणि कोरीव्रेकन, दोन्हींवर वय नाही. दोन्ही घोट घेऊन 'फसवणूक' म्हणून दाखवा. धुराच्या बाबतीत तर तारुण्यच बरं, फिनॉल (धुराचा वास देणारी रसायनं) पिंपात वर्षं गेली की मवाळ होतात. ३० वर्षांची आयला सुंदर असते, पण ती धूर सांगत नाही, धुराची आठवण सांगते.

मिताली
*दोघेही अर्धे बरोबर*

आजोबा म्हणतात ते टोक बोथट होणं खरं आहे. पण वर्षं किती यापेक्षा ती कुठल्या लाकडात गेली हे मोठं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वापरलेल्या थकलेल्या पिंपात १८ वर्षं पडून राहिलेली व्हिस्की, पहिल्या भरणाच्या उत्तम पिंपातल्या १० वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडू शकते. पीप हे चहापत्तीसारखं आहे, दर खेपेला रंग आणि दम कमी देतं.

शिवाय दर वर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो. १८ ची किंमत १२ च्या दीडपट नसते, बहुधा दुप्पट किंवा त्याहून जास्त असते, त्यात ही घट आहे आणि दुर्मिळतेची हौसही आहे. पहिल्या तीन बाटल्यांत १८ नको असं माझं ठाम मत. आवडता प्रकार कळला की त्याच प्रकारातली १८ घ्या, तेव्हा तिचा पैसा वसूल होईल. आत्ता घेतलीत तर 'मऊ आहे' यापलीकडे काही म्हणता येणार नाही.

नुसताच वाचक

आणि रंग? गडद म्हणजे शेरी, हे बरोबर ना?

रसायनी
*रंगावर जाऊ नका*

गडद म्हणजे शेरी, किंवा पोर्ट (पोर्तुगालची गोड वाइन), किंवा आतून जास्त जाळलेलं नवं लाकूड, किंवा बाटलीतलं कॅरॅमल. कॅरॅमलला नियमाने परवानगी आहे आणि ते लेबलवर सांगायची सगळीकडे सक्ती नाही. जर्मनीत सांगावं लागतं. म्हणून युक्ती अशी : जर्मन दुकानांच्या संकेतस्थळावर तीच बाटली शोधा आणि 'फार्बश्टॉफ' हा शब्द दिसतो का बघा. दिसला तर रंग घातलाय. मोठमोठी नावं त्यात सापडतात, लागाव्हुलिन १६ सुद्धा. ती त्याने वाईट ठरत नाही, फक्त रंगावरून तिच्या पिंपाचा अंदाज बांधू नका एवढंच.

शेरीच्या पिंपाबद्दलही एक भाबडी समजूत असते. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला यायची आणि ती रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना स्वस्तात मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरणं सक्तीचं झालं आणि तो झरा आटला. आताची बहुतेक 'शेरी कास्क' व्हिस्कीसाठीच बनवून घेतलेली असतात. त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवतात आणि मग पिंप स्कॉटलंडला धाडतात. बर्बनची पिंपं मात्र मुबलक, कारण अमेरिकन कायद्याने बर्बनला दर वेळी नवंकोरं जाळलेलं ओक लागतं. एकदा वापरलं की त्यांना ते नकोच असतं. म्हणून बर्बन पिंपातली १० वर्षांची वाजवी भावात मिळते आणि शेरीवाली महाग. डीनस्टन आणि ग्लेनफार्क्लस यांच्या भावातला थोडा फरक या पिंपांचाच आहे.

'फिनिश' हा शब्दही बघा. बाल्व्हेनीची डबलवूड १२ आधी बर्बन पिंपात आणि अखेरचे सुमारे नऊ महिने शेरीच्या पिंपात. ग्लेनमॉरंजीची क्विंटा रूबान पोर्टच्या पिंपात फिनिश केलेली. पूर्ण काळ शेरीत मुरणं वेगळं आणि शेवटी बुडवून काढणं वेगळं. दोन्ही चांगलं होऊ शकतं.

तळ्यात मळ्यात

डोक्यात बऱ्यापैकी उजेड पडतोय. एक राहिलं. धुराचे ते पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आकडे बघून घ्यायचं का? आर्डबेग ५५ च्या आसपास, लागाव्हुलिन ३५, असं लिहिलेलं दिसतं.

धूरकट
*हा माझा विषय*

आकडा वाळवलेल्या बार्लीतला असतो, ग्लासातला नाही. दळताना, भिजवताना, ऊर्ध्वपातनात त्यातला बराच गळतो. लागाव्हुलिन आणि कलीला या दोघींना बार्ली पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून जाते, पीट जवळपास तेवढाच. तरी लागाव्हुलिन जाड, गोडसर, घरभर पसरणारी, आणि कलीला बारीक, खारट, लिंबाची. भांड्यांचा आकार, ती किती भरली, वाफेला तांब्याशी किती सलगी मिळाली, ऊर्ध्वपातनाच्या धारेतला कुठला भाग ठेवला, याने हे होतं. ऑक्टोमोरच्या एका बाटलीवर ३०९ पीपीएम होतं. प्यायल्यावर ती आर्डबेगच्या सहापट धुरकट लागत नाही, हे अनुभवाने सांगतो.

पीट कुठला हेही बघा. ऑर्कनी बेटांवर झाडं जवळपास नाहीत, तिथला पीट हेदर या झुडपाचा, म्हणून हायलंड पार्कचा धूर फुलांचा आणि मधाचा. आयलाचा दवाखान्याकडे झुकतो. नवख्याला लाफ्रॉइग नको असं ठरलंच असेल (मी नाराजी नोंदवून ठेवतो) तर टॅलिस्कर १० बघा. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के, धूर मध्यम आणि शेवटी काळी मिरी.

रसायनी
*मितालीताईंच्या यादीवर एक हरकत*

'एकच मोठी गोष्ट बदला' हे तत्त्व मान्य. पण तुमच्या यादीत डिस्टिलरीही तीन वेळा बदलते. डीनस्टन आणि आर्डबेगमध्ये जो फरक लागेल त्यातला धुराचा किती आणि भांड्यांचा किती, हे कळणार कसं? धूरकटरावांनीच वर दाखवलं की एकाच बार्लीतून दोन वेगळ्या व्हिस्की निघतात.

यावर एक सुंदर तोड आहे. मल बेटावरची टोबरमोरी. त्याच डिस्टिलरीत, त्याच भांड्यांतून दोन व्हिस्की निघतात : बिनधुराची टोबरमोरी आणि धुराची लेडचिग. टोबरमोरी १२ आणि लेडचिग १०, दोन्ही ४६.३ टक्के, दोन्ही न गाळलेल्या. वयात दोन वर्षांचा आणि पिंपांच्या मिश्रणात थोडा फरक आहे, पण दुकानात सहज मिळणाऱ्या बाटल्यांत धूर इतका वेगळा काढून दाखवणारी दुसरी जोडी मला माहीत नाही. स्प्रिंगबँक आणि हेझलबर्न आणखी मजेशीर, पण त्या बाजारात आल्या की गायब होतात, आणि नंतर लिलावात जो भाव लागतो त्या भावात शिकायचं काही कारण नाही.

मिताली

हरकत मान्य. लेडचिग माझ्या डोक्यात आलीच नव्हती. फक्त एवढं सांगून ठेवते की ती सगळ्यांना झेपत नाही. तिच्या धुरात थोडं रबर, थोडं ओलं गवत, थोडा गोठा आहे. आर्डबेगसारखी स्वच्छ नाही.

धूरकट

गोठा हे कौतुक आहे, ताई.

खडूस आजोबा
*प्रयोगशाळा काढा एकदाची*

अरे, माणसाला तीन बाटल्या प्यायच्या आहेत, प्रबंध नाही लिहायचा. टोबरमोरी १२ चांगली आहे, पण ती आवडावी म्हणून घ्यायची की लेडचिगशी ताडायला? मी तर म्हणतो क्लायनलिश १४ घ्या. तिचा मेणासारखा पोत दुसऱ्या फार थोड्या व्हिस्कींत सापडतो, आणि तो येतो ऊर्ध्वपातनाच्या अधल्या-मधल्या टाकीत साठणाऱ्या थरातून, कुठल्या पिंपातून नाही. तुमच्या पीप, धूर, टक्केवारी या तीन खणांत बसवा बघू तिला.

रसायनी

नाही बसत. म्हणूनच ती चौथी घ्यावी, पहिली नको. मेण ओळखायचं तर बिनमेणाची आधी माहीत हवी.

हिशेबनीस
*सिग्नेटरी वगैरे*

स्वतंत्र बाटलीवाल्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. गॉर्डन अँड मॅकफेल, केडनहेड, सिग्नेटरी ही मंडळी डिस्टिलऱ्यांची पिंपं घेऊन आपल्या नावाने भरतात. एकेका पिंपाची, न गाळलेली, चढ्या टक्क्यांची व्हिस्की मिळते, कधी मूळ कंपनीपेक्षा कमी भावात. पण प्रत्येक पिंप वेगळं, त्यामुळे आवडली तरी तीच पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. काहींवर डिस्टिलरीचं नावच नसतं, नुसतं 'ऑर्कनी' किंवा 'सीक्रेट स्पेसाइड'. ओळखीची वाट झाल्यावर या गल्लीत शिरा.

अवांतर : ग्लेनफिडिकच्या पिंपात चमचाभर बाल्व्हेनी घालून विकतात, म्हणजे घेणाऱ्याला ते सिंगल माल्ट म्हणून डिस्टिलरीच्या नावाने विकता येत नाही. व्यापारात त्याला वॉर्डहेड म्हणतात. बाल्व्हेनीत चमचाभर ग्लेनफिडिक घातली की बर्नसाइड. एका चमच्यात जात बदलते.

नुसताच वाचक

पाणी घालावं की नाही? यावर धाग्याचा आखाडा होऊ नये अशी इच्छा, पण विचारतोच.

रसायनी
*हलके घ्या, पण उत्तर आहे*

२०१७ मध्ये स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंचं गणित मांडलं. धुराच्या वासाचा ग्वायकोल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ च्या वर आत दडतो, असं त्यात निघालं. म्हणजे कास्क स्ट्रेंथमध्ये पाणी घातल्यावर वास खुलतो म्हणतात, त्याला थोडा आधार मिळाला. अभ्यास पाणी, अल्कोहोल आणि एका रेणूचा होता, खऱ्या व्हिस्कीत शेकडो घटक असतात, तेव्हा यावर पैज लावू नका. पहिला घोट नुसता, मग थेंब थेंब पाणी. तिन्ही बाटल्या ताडताना मात्र तिन्हींत सारखंच घाला. आणि धुराची नेहमी शेवटी, नाहीतर तिच्यामागून आलेली कुठलीही व्हिस्की बिचारी वाटते.

तळ्यात मळ्यात
*ठरलं*

टोबरमोरी १२, लेडचिग १०, ग्लेनफार्क्लस १५. धुरासाठी एक जोडी, आणि शेरीसाठी एक. ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट, मॅकॅलन सध्या रांगेत मागे. आजोबा, क्लायनलिश चौथी. धूरकटभाऊ, गोठा झेपला तर लाफ्रॉइगही येईल.

एक शेवटचं. तीन बाटल्या एकदम उघडल्या तर खराब होणार नाहीत ना? माझा वेग बेताचा आहे.

रसायनी

बंद बाटलीत व्हिस्की ना मुरते ना बिघडते. उघडलेली बाटली निम्म्यावर असेपर्यंत चिंता नको. तळाला पाव भाग उरला की आतली हवा जास्त होते आणि काही महिन्यांत वास बसायला लागतो. धुराच्या बाटलीत ते लवकर जाणवतं. तेव्हा उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. बाटल्या उभ्याच ठेवा, वाइनसारख्या आडव्या नकोत, इतकं अल्कोहोल बुचाला खातं. खिडकीतलं ऊन टाळा.

खडूस आजोबा

पाव भाग उरला की मित्रांना बोलवा. लहान बाटल्या कसल्या भरताय.

हिशेबनीस

आजोबांशी सहमत. आणि ग्लेनफार्क्लस घेताना लेबलवरचा १५ नीट बघून घ्या. १० चा डबा सारखाच दिसतो आणि ती ४० टक्क्यांची आहे.